९ विजय मिळवणाऱ्या कोचला काढावं का? (नेब्रास्का फुटबॉल, सॉलिच ते रूल)

लिंकनचा_बंड्या
नमस्कार मंडळी. क्रिकेटचे धागे इथे रोज निघतात, पण अमेरिकन कॉलेज फुटबॉल मनापासून बघणारेही आपल्यात बरेच आहेत, हे मध्यंतरी एका धाग्यावरच्या अवांतरातून कळलं. म्हणून हा धागा. येत्या २८ ऑगस्टला (२०२५) कॅन्सस सिटीत नेब्रास्का विद्यापीठ (आमचं लिंकनचं) विरुद्ध सिनसिनाटी आहे. कोच मॅट रूलचा इथला तिसरा सीझन. लिंकनमध्ये सध्या किराणा दुकानाच्या रांगेपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत एकच विषय : हा तरी टिकेल ना?

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉब डेव्हनी १९६२ ला आले आणि १९७०, १९७१ ला राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मग टॉम ऑस्बॉर्न, १९७३ ते १९९७. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी, आणि १९९४, १९९५, १९९७ ची विजेतेपदं. त्यांनी स्वतः पुढे केलेला वारस म्हणजे फ्रँक सॉलिच. सहा सीझनमध्ये ५८-१९ (विजय-पराभव). २००३ चा रेग्युलर सीझन ९-३ असा संपवला आणि लगेच नोकरी गेली. त्यानंतर बिल कॅलहन (२७-२२), बो पेलिनी (दर वर्षी ९ किंवा १० विजय, तरी हकालपट्टी), माइक रायली (१९-१९), स्कॉट फ्रॉस्ट (१६-३१), आणि आता रूल (दोन वर्षांत १२-१३). शेवटचं कॉन्फरन्सचं (विद्यापीठांच्या गटाचं) विजेतेपद १९९९ चं. आता कॉलेजला येणारी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती.

माझं मत स्पष्ट आहे. या सगळ्याचं मूळ २००३ मध्ये आहे. वर्षाला ९-१० सामने जिंकणारा, घरचा, खेळाडूंना आपला वाटणारा माणूस काढला, आणि त्या दिवसापासून इथे कोणालाच स्थैर्य मिळालं नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि रूलला किती वर्षं द्यावीत?

जुना_हस्कर
बंड्या, धागा काढल्याबद्दल आभार. मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शिकायला लिंकनला आलो, तेव्हापासून लाल टोपी उतरलेली नाही.

आज सगळे ऑस्बॉर्न यांना देवासारखं मानतात, पण तेव्हाची परिस्थिती नव्या मंडळींना माहीत नाही. ओक्लाहोमाविरुद्ध ते पहिली पाच वर्षं हरले. सहाव्या वर्षी, १९७८ ला, १७-१४ ने जिंकले. "मोठा सामना जिंकता येत नाही" हे वाक्य त्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागलं होतं. त्या सुमारास कोलोराडोने त्यांना बोलावलंही होतं आणि ते जवळजवळ गेलेच होते. मग जानेवारी १९८४ ची ऑरेंज बोल (सीझनअखेरच्या मानाच्या सामन्यांना बोल गेम म्हणतात). मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटाला टचडाउन करून (बॉल समोरच्याच्या रेषेपार नेऊन) ३१-३० वर आले. एक पॉइंटची किक मारली असती तर बरोबरी, आणि बरोबरीवर विजेतेपद बहुधा आमचंच. त्यांनी दोन पॉइंटसाठी खेळी केली आणि पास हुकला. लिंकनमध्ये त्या रात्री लोक रडले, पण ऑस्बॉर्न चुकले असं म्हणणारा मला कोणी भेटला नाही. जिंकायचं तर जिंकायचं, बरोबरी करून कप उचलायचा नाही.

पहिलं विजेतेपद मिळालं ते बाविसाव्या सीझनला. आजच्या काळात बावीस सोडा, पाच सीझन तरी कोण थांबतं? म्हणून बंड्याशी सहमत.

तिसरा_डाउन
काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत.

ऑस्बॉर्न यांचं उदाहरण "थांबा, धीर धरा" म्हणून देतात तेव्हा एक गोष्ट गळते. त्यांनी २५ वर्षांत एकदाही ९ पेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. तो माणूस शिखराच्या एक पायरी खाली उभा होता. त्याला वेळ देणं आणि ५-७ वाल्याला वेळ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सॉलिचचं बघा. २००१ ला एरिक क्राउचला हाइजमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळाला, टीम ११-० होती, आणि मग कोलोराडोने ६२-३६ धुतलं. तरी नशिबाने रोझ बोलमध्ये विजेतेपदाचा सामना मिळाला, तिथे मायामीने ३७-१४. पुढचं वर्ष ७-७. २००३ चे तीन पराभव आठवा : मिझुरी ४१-२४, टेक्सस ३१-७, कॅन्सस स्टेट ३८-९. यातला एकही सामना अटीतटीचा नव्हता. आलेख खाली चाललेला दिसत होता. त्याला काढणं हा गुन्हा नव्हता.

गुन्हा पुढचा होता. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख) स्टीव्ह पेडरसनने कोच काढला तेव्हा त्याच्या हातात दुसरं नाव नव्हतं. शोध सहा आठवडे चालला. एवढ्यात रिक्रूटिंगचा (शाळांतून नवे खेळाडू मिळवण्याचा) अख्खा मोसम निघून गेला. आणि शेवटी आणला कोण, तर रेडर्स या व्यावसायिक टीमला सुपर बोलपर्यंत नेलेला पण कॉलेजमध्ये कधी मुख्य कोच न झालेला कॅलहन.

मुळाकाठ
वाचतोय. मी पुण्यात बसून यूट्यूबवर हे सामने बघायला लागलोय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. कॉलेजच्या कोचला एवढे पैसे कोण देतं? आणि हे "बायआउट" काय प्रकरण असतं?

अंजली_ओमाहा
@मुळाकाठ, प्रश्न अगदी योग्य आहे. टीव्हीचे हक्क, तिकिटं आणि देणगीदार, मुख्यतः या तिघांतून पैसा येतो. बिग टेनसारख्या कॉन्फरन्सला टीव्हीवाले प्रचंड रक्कम देतात आणि ती सगळ्या विद्यापीठांत वाटली जाते. रूलचा मूळ करार आठ वर्षांचा आणि ७ कोटी ४० लाख डॉलरचा होता.

बायआउट म्हणजे करार संपण्याआधी कोचला काढलं तर द्यावी लागणारी रक्कम. २०२२ च्या सप्टेंबरात जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ हरल्यावर दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला काढलं, तेव्हा विद्यापीठाला दीड कोटी डॉलर मोजावे लागले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर हाच आकडा निम्मा झाला असता. तीन आठवडे थांबायलाही कोणी तयार नव्हतं, यावरून लोक किती वैतागले होते ते समजा. टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशरला २०२३ ला काढलं तेव्हा तर ७ कोटींहून जास्त द्यायचं ठरलं.

निळी_शाई
हे आकडे वाचून मला त्रास होतो. मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवते. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे फुटबॉल कोच, गव्हर्नर नाही, विद्यापीठाचे अध्यक्षही नाहीत. संशोधन करणारी मुलं तुटपुंज्या स्टायपेंडवर तीन जणांत एक खोली करून राहतात. आणि एका माणसाला काम *न* करण्याबद्दल दीड कोटी? "किती वर्षं द्यावीत" याआधी "किती पैसे द्यावेत" हा प्रश्न विचारायला हवा.

तिसरा_डाउन
निळी_शाई, तुमचा मुद्दा खरा आहे. पण हे पैसे फुटबॉलने कमावलेले असतात आणि त्यावरच बाकीचे खेळ चालतात. लिंकनमध्ये ३० ऑगस्ट २०२३ ला मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना याच फुटबॉल स्टेडियममध्ये झाला आणि ९२,००३ लोक आले. हे वेड फुटबॉलने तयार केलं.

निळी_शाई
व्हॉलीबॉलचा मी आदरच करते, आणि तो सामना मी टीव्हीवर बघितला, अंगावर काटा आला होता. पण त्या टीमला ते प्रेम तिच्या स्वतःच्या खेळाने मिळालंय. श्रेय फुटबॉलला देऊ नका.

जुना_हस्कर
या मुद्द्यावर निळी_शाईंना अनुमोदन. व्हॉलीबॉलचे जॉन कुक इथे २००० ते २०२४ होते आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन गेले. एकाच आवारात, एकाच देणगीदारांसमोर, एका खेळात पंचवीस वर्षं एक कोच आणि दुसऱ्यात तेवढ्याच काळात सहा.

विदर्भ_एक्स्प्रेस
मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण सॉलिचची गोष्ट वाचताना चंद्रकांत पंडित आठवले. २०१५-१६ ला त्यांच्या हाताखाली मुंबईने रणजी जिंकली. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत गुजरातकडून हरले आणि मुंबईने त्यांना जाऊ दिलं. ते आमच्याकडे आले. विदर्भाने आयुष्यात कधी रणजी जिंकली नव्हती, ती २०१७-१८ ला जिंकली आणि २०१८-१९ ला परत जिंकली. मग मध्य प्रदेशला गेले, २०२२ ला बंगळुरूत अंतिम सामना जिंकला, आणि समोर होती मुंबईच! उपविजेता कोच नको म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही.

सॉलिचचं पुढे काय झालं?

लिंकनचा_बंड्या
@विदर्भ_एक्स्प्रेस, काय नेमकं उदाहरण दिलंत! सॉलिच २००५ ला ओहायो विद्यापीठात गेले. (ओहायो स्टेट नव्हे, अथेन्स गावातलं छोटं ओहायो.) तिथे २०२० पर्यंत राहिले आणि मिड-अमेरिकन कॉन्फरन्सच्या इतिहासात सर्वाधिक सामने जिंकणारे कोच झाले. सोळा सीझन एका जागी. म्हणजे माणसात दम होता.

तिसरा_डाउन
पण पंडित गेल्यावर मुंबई मोडून पडली नाही ना? २०२३-२४ ला परत रणजी जिंकलीच. मुंबईकडे खेळाडूंचा झरा आहे, कोच कोणीही असो. नेब्रास्काकडे तो नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे.

राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास. सगळं मिळून. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जियात एकेका महानगरात याहून जास्त माणसं. तिथली विद्यापीठं पाच वाईट कोच पचवतात, कारण चांगली मुलं गाडीने तासाभराच्या अंतरावर असतात. इथे कोच चुकला की भरून काढायला काहीच नसतं.

जुना_हस्कर
आता मुद्द्यावर आलात. मग हेही विचारा की मुलं नसताना आम्ही चाळीस वर्षं जिंकलो कसे?

पहिलं, व्यायामशाळा. १९६९ ला डेव्हनींनी बॉइड एप्लीला घेतलं. कॉलेज फुटबॉलमध्ये वजनं उचलायला शिकवणारा पूर्णवेळ कोच ही कल्पनाच नवी होती. तेव्हा बऱ्याच ठिकाणी समज होता की वजनं उचलली की खेळाडू जड आणि मंद होतो. पुढची पंधरा-वीस वर्षं आमची पोरं चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये समोरच्याला नुसती ढकलत न्यायची.

दुसरं, वॉक-ऑन. स्कॉलरशिप नाही, पैसे घरचे, पण लाल जर्सी घालायची म्हणून तीनशे वस्तीच्या गावातून येणारी शेतकऱ्यांची मुलं. दोन-तीन वर्षं नुसता सराव, मग संधी. टीममध्ये दीडशेच्या आसपास पोरं असायची. बाकीच्यांचा एक सराव व्हायचा तेव्हा आमचे दोन-तीन गट एकाच वेळी चालायचे.

तिसरं, ऑप्शन. क्वार्टरबॅक (चाल चालवणारा खेळाडू) बॉल घेऊन पळतो आणि ऐन वेळी ठरवतो की स्वतः जायचं, देऊन टाकायचा की बाजूला फेकायचा. त्यासाठी टेक्ससचा लांब पास फेकणारा हिरो लागत नाही, तर दणकट ऑफेन्सिव्ह लाइन (समोरच्याला अडवून वाट करून देणारी पुढची फळी) लागते. ती या मातीत तयार होते.

हे तिन्ही एकमेकांत गुंतलेलं होतं. कॅलहनने ऑप्शन काढून वेस्ट कोस्ट पासिंग (छोट्या पासांचा खेळ) आणलं आणि वॉक-ऑनची संख्या कमी केली. २००४ ला ५-६. विजयांपेक्षा पराभव जास्त, असं १९६१ नंतरचं पहिलं वर्ष. टेक्सस टेकने ७०-१० हरवलं, बोल गेमची सलग ३५ वर्षांची मालिका तुटली.

तिसरा_डाउन
काका, यावर शंभर टक्के सहमत. आणि तिथेच थांबलं नाही. पेलिनी डिफेन्सवाला (बचावावर भर). रायली परत प्रो-स्टाइल पासिंगवाला. फ्रॉस्ट वेगवान स्प्रेडवाला (खेळाडू मैदानभर पसरवणारा). रूल परत ताकदीचा खेळ. दर चार वर्षांनी गवंडी बदलला की तो आधीचा नकाशा फाडून टाकणार आणि पायाच नव्याने खणणार, मग घर चढणार कधी? एका पद्धतीसाठी आणलेली मुलं दुसऱ्या पद्धतीत अडकली, आणि त्यांची चार वर्षं वाया गेली. मला सर्वांत जास्त वाईट त्यांचं वाटतं. कोचला बायआउट मिळतं, त्यांना काय मिळतं?

खवय्या_कोल्हापुरी
गंभीर चर्चेत अवांतर करतो, माफी असावी. मागच्या वर्षी साडूंनी लिंकनला सामन्याला नेलं होतं. आधी पार्किंगमध्ये जेवण. तिथे लोक चिलीसोबत सिनॅमन रोल खातात! राजमा-खिम्याचा तिखट रस्सा आणि बाजूला साखरेचा दालचिनी पाव. मी आधी नाक मुरडलं, मग तीन रोल संपवले. तांबड्या रश्शाबरोबर पण जाईल असं वाटतंय.

अंजली_ओमाहा
😂 इथल्या शाळांच्या डब्यातली जोडी आहे ती. माझ्या मुलाला आता पोळीभाजीपेक्षा तीच आवडते. आमच्या टेलगेटला (सामन्याआधीच्या पार्किंगमधल्या जेवणाला) आम्ही वडापाव नेतो. शेजारच्या गाडीतले आजोबा दर सामन्याला हिरव्या चटणीसकट दोन मागून घेतात.

मुळाकाठ
पहिल्या टचडाउनला लाल फुगे सोडतात ते व्हिडिओत बघितलं होतं. आता का दिसत नाहीत?

लिंकनचा_बंड्या
२०२२ ला हेलियमच्या टंचाईमुळे बंद झाले. पण तिकिटांची परंपरा चालू आहे. नोव्हेंबर १९६२ पासून घरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत, सलग ४०० सामन्यांचा आकडा कधीच मागे पडला. २०२१ ला मालिका तुटायची वेळ आली होती, तेव्हा देणगीदारांनी उरलेली तिकिटं घेऊन गरजू मुलांना दिली. १६-३१ वाल्या काळातसुद्धा लोक आले. अशा लोकांना चांगली टीम मिळायला हवी, म्हणून जीव तुटतो.

आयोवाकर_स्नेहल
शेजारच्या राज्यातून नमस्कार. 🙂 मी आयोवा सिटीची. वर कोणीतरी विचारलं ना, "आजच्या काळात कोण थांबतं?" आम्ही थांबलो.

१९७९ पासून आमच्याकडे दोनच कोच झाले. १९९८ पर्यंत हेडन फ्राय, आणि १९९९ पासून कर्क फेरेंट्झ. फेरेंट्झचं पहिलं वर्ष १-१०. दुसरं ३-९. नेब्रास्काने याच निकालावर काय केलं असतं ते मी लिहीत नाही. तिसऱ्या वर्षी ७-५ आणि चौथ्या वर्षी ११-२. तेव्हापासून तेच. पंट (बॉल लांब लाथाडून समोरच्याला मागे नेणं), डिफेन्स, टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू), कमी चुका. लोकांना कंटाळवाणं वाटतं, पण गेल्या दहा वर्षांत नेब्रास्काने आम्हाला फक्त एकदा हरवलंय, २०२२ ला. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं १३-१०, दोन्ही वेळा शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर (किकने मिळणारे तीन पॉइंट).

तिसरा_डाउन
स्नेहल, स्थैर्याचं हे चित्र पूर्ण करा की. फेरेंट्झने स्वतःच्या मुलाला, ब्रायनला, ऑफेन्सचा (आक्रमणाचा) कोच केलं होतं, आणि २०२३ ला त्याच्या करारात "सामन्याला सरासरी २५ पॉइंट" अशी अट घालायची वेळ आली. ती काही पुरी झाली नाही आणि सीझन चालू असतानाच त्याला सांगावं लागलं की पुढच्या वर्षी तू नाहीस. एकाच माणसाला पंचवीस वर्षं ठेवलं की त्याला "नाही" म्हणणारं कोणी उरत नाही.

आयोवाकर_स्नेहल
ब्रायनबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, आणि आम्ही इथे त्यावर तुमच्यापेक्षा जास्त चिडलो होतो. पण तसल्या ऑफेन्सवरही त्या वर्षी १० सामने जिंकलो. पाया मजबूत असला की एक खांब कुजला तरी छप्पर राहतं.

आणि एक सांगते. पहिल्या क्वार्टरनंतर आमचं अख्खं स्टेडियम वळून समोरच्या बालरुग्णालयातल्या मुलांना हात हलवतं. २०१७ पासून. पाहुणी टीमही हलवते, नेब्रास्काचेही. तो क्षण आला की मला कोच-बिच काही आठवत नाही.

जुना_हस्कर
त्याबद्दल आयोवाला सलाम. मी तिथे लाल टोपी घालून हात हलवलाय.

हूजिअर_होळकर
ब्लूमिंग्टनहून (इंडियाना) लिहितोय, थोडं वेगळं बोलतो. तुम्ही सगळे "धीर धरा" म्हणता, पण जग बदललंय. २०२३ ला इंडियाना ३-९. कोच बदलला. जेम्स मॅडिसनहून कर्ट सिग्नेटी आला, येताना तिथले दहाहून अधिक खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) घेऊन आला, आणि पहिल्याच वर्षी ११-२, थेट प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेरीत). ऑक्टोबरमध्ये नेब्रास्काला ५६-७ हरवलं ते आठवत असेलच. इंडियानाचा फुटबॉलचा इतिहास म्हणजे पराभवांचा डोंगर, आम्ही बास्केटबॉलची माणसं! तरी एका वर्षात झालं.

आता खेळाडू वर्षाकाठी टीम बदलू शकतो, त्याला २०२१ पासून जाहिरातींत नाव-चेहरा वापरल्याचे पैसे मिळतात, आणि या जूनमध्ये (२०२५) कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंत वाटू शकतात. पाच वर्षं मुरवत ठेवायची पद्धत संपली. योग्य कोच असेल तर दोन वर्षांत दिसतोच.

जुना_हस्कर
त्याच तडजोडीत टीमची मर्यादा १०५ वर आणलीये. वर ज्या वॉक-ऑन पोरांबद्दल लिहिलं त्यांच्यासाठी आता दार जवळजवळ बंद. तीनशे वस्तीच्या गावातल्या मुलाने आता काय करायचं? मला हे फार लागलंय. खेळाडूंना पैसे मिळाले याचा आनंद आहे, ते त्यांच्या हक्काचेच होते. पण या राज्याचा जो एक मार्ग होता तो कागदावरच्या एका आकड्याने गेला.

अंजली_ओमाहा
हूजिअर_होळकरांचं उदाहरण मोठं आहे, पण प्रत्येक नव्या कोचला तो निकष लावला तर दरवर्षी शंभर कोच काढावे लागतील. फ्रॉस्टचं काय झालं बघा. २०१७ ला यूसीएफमध्ये (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ) १३-०. देशात सर्वांत मागणी असलेला कोच. वूड रिव्हरचा मुलगा, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक. त्या दिवशी एकही माणूस "हा नको" म्हणाला नाही.

आणि मग? २०२१ ला ३-९, आणि नऊच्या नऊ पराभव एक अंकी फरकाने. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ पॉइंटांनी पुढे असताना ऑनसाइड किक (बॉल परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली छोटी किक) मारली, बॉल त्यांना मिळाला आणि ३१-२८ हरलो. गावचा मुलगा असणं ही पात्रता नव्हे, हे आम्ही फार महागात शिकलो.

विदर्भ_एक्स्प्रेस
मग पेलिनीचं काय? ९-१० विजय दर वर्षी, तरी का काढलं?

अंजली_ओमाहा
सातही सीझन किमान ९ विजय, पण चाराच्या आसपास पराभव, आणि त्यातला एखादा लाजिरवाणा. २०१२ च्या बिग टेन अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन ७०-३१. २०१४ ला परत विस्कॉन्सिन ५९-२४, एकट्या मेल्विन गॉर्डनने तीन क्वार्टरमध्ये ४०८ यार्ड पळून काढले. शिवाय चाहत्यांना शिव्या घातल्याचं रेकॉर्डिंग २०१३ ला बाहेर आलं. मी तेव्हा "काढा" म्हणणाऱ्यांत होते, आजही तेच म्हणेन. कोचने लोकांशी कसं वागावं यालाही किंमत असते. रायलीला आणणं मात्र चूक होती. तो सज्जन माणूस होता, पण ऑरेगन स्टेटमध्ये त्याचा शेवटचा सीझन ५-७ होता.

निळी_शाई
मी फुटबॉलची जाणकार नाही, पण वरचं सगळं वाचून एक गोष्ट खटकली म्हणून नावं शोधली. तुम्ही कोचची यादी करताय, त्यांना नेमणाऱ्यांची कोणी केली नाही.

सॉलिचला नेमलं तेव्हा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर बिल बर्न होते, काढलं पेडरसनने. कॅलहनला पेडरसनने आणलं, आधी पेडरसन गेला, दीड महिन्याच्या आत ऑस्बॉर्न यांनी कॅलहनला काढलं. पेलिनीला ऑस्बॉर्न यांनी नेमलं, ते निवृत्त झाले, आइकहॉर्स्टने काढलं. रायलीला आइकहॉर्स्टने आणलं, २०१७ च्या सप्टेंबरात तो गेला, नोव्हेंबरात मूसने रायलीला काढलं. फ्रॉस्टला मूसने आणलं, २०२१ ला मूस गेला, २०२२ ला ट्रेव्ह अल्बर्ट्सने फ्रॉस्टला काढलं.

पाचपैकी पाच! ज्याने नेमलं त्याने एकदाही काढलेलं नाही. आमच्या विभागातही हेच बघते. नवा प्रमुख आला की आधीच्याची माणसं दोन वर्षांत बाहेर.

तिसरा_डाउन
हे मी कधी असं एका ओळीत मांडून बघितलं नव्हतं. दंडवत.

लिंकनचा_बंड्या
निळी_शाई, वीस वर्षं या टीमच्या गप्पा ऐकतोय, हे कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. आणि याचा पुढचा भाग जास्त काळजीचा आहे. रूलला आणलं अल्बर्ट्सने. अल्बर्ट्स २०२४ च्या मार्चमध्ये टेक्सस ए अँड एमला निघून गेला. आता ट्रॉय डॅनन आहे, म्हणजे रूल आज दुसऱ्याने नेमलेला कोच आहे.

आयोवाकर_स्नेहल
आमच्याकडेही डायरेक्टर बदलले. फेरेंट्झला बॉब बोल्सबीने आणलं, मग गॅरी बार्टा, आता बेथ गेट्झ. पण नवा आला म्हणून कोच गेला असं झालं नाही. नव्या माणसाने जुन्याचा निर्णय आपला मानला.

हूजिअर_होळकर
हे पटलं. तरी रूलबद्दल तुमचं नेमकं मत काय? धागा तिथून सुरू झाला होता.

तिसरा_डाउन
माझं सांगतो. रूलची टेंपल विद्यापीठात २-१० ने सुरुवात, तिसऱ्या वर्षी १०-४. बेलरमध्ये १-११, तिसऱ्या वर्षी ११-३. पँथर्समध्ये ११-२७, पण तो व्यावसायिक फुटबॉल, तिथे कोचला मुलं घडवायला मिळत नाहीत. इथे पहिल्या वर्षी ५-३ वर होतो, बोल गेमला एक विजय हवा होता, आणि चारही सामने एका टचडाउनच्या आतल्या फरकाने गेले. गेल्या वर्षी विस्कॉन्सिनला ४४-२५ हरवून बोल गेम गाठली, २०१६ नंतर पहिली, आणि यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजला २०-१५ हरवलं. रायोला आता नवखा क्वार्टरबॅक नाही, होल्गरसन पूर्ण वर्ष ऑफेन्स बघणार. मला ८ विजय हवेत. आणि ६ झाले तरी मी त्याला काढणार नाही, कारण पुढचा माणूस परत नकाशा फाडेल.

जुना_हस्कर
मला आकडा नको. नोव्हेंबरमध्ये चौथ्या क्वार्टरला ऑफेन्सिव्ह लाइन समोरच्याला ढकलते की नाही, एवढंच बघणार. ढकलत असेल तर अजून तीन वर्षं द्या.

अंजली_ओमाहा
मी काकांपेक्षा कडक आहे. सामना तीन पॉइंटांचा असताना शेवटच्या दोन मिनिटांत कोच काय करतो ते मला बघायचंय. फ्रॉस्ट तिथे हरला, रूलही आतापर्यंत तिथेच हरतोय. यंदाही तेच झालं तर कराराची वर्षं मोजून उपयोग नाही.

लिंकनचा_बंड्या
माझं सॉलिचबद्दलचं मत कायम आहे, पण आता रूलपेक्षा माझं लक्ष डॅननकडे राहील. त्याने या कोचला आपला म्हटलं आणि वाईट महिन्यातही तसंच म्हणत राहिला, तर मी २०२७ पर्यंत एक शब्द बोलणार नाही.

सिनसिनाटीच्या सामन्यानंतर याच धाग्यावर लिहू. ओमाहाहून कॅन्सस सिटीला गाडी नेणारे कोणी असेल तर दोन जागा हव्या आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अंजली_ओमाहा
व्यनि केलाय. वडापाव आमच्याकडून.

आयोवाकर_स्नेहल
२८ नोव्हेंबरला मी लिंकनला येतेय, काळ्या-पिवळ्या टोपीत. चटणी माझ्यासाठीही ठेवा.